लॉर्नची सरासरी

"अंतर, वेळ आणि वेग या तिघांचे लगाम ज्याच्या हाती, त्याला पृथ्वीवर कोणी अडवू शकत नाही," लॉर्न मकॅस्किल म्हणाला, आणि पुढच्याच वळणावर त्याला घर आडवं आलं. अख्खं दुमजली घर. कुणीतरी ते ट्रेलरवर चढवून दुसरीकडे हलवत होतं. खिडक्यांचे पडदेही काढले नव्हते.

लॉर्न आमचा शेजारी. बेटावरच्या शाळेत अडतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेला. आज दोन वाजता तिथल्या प्रयोगशाळेला त्याचं नाव द्यायचं होतं. एकची फेरीबोट चुकली, तर त्याच्या वतीने रसायनशास्त्राचा वेंडेल बोलणार होता. आणि लॉर्नच्या मते वेंडेलला उकळलेलं पाणी ओळखता येत नसे.

धक्क्यापर्यंत साठ किलोमीटर, ताशी साठ, म्हणजे एक तास. म्हणून आम्ही तिघं त्याच्या गाडीतून बाराला निघालो. त्याची बायको इडा अकरापासून कोट घालून बसली होती. "लवकर निघायचं ते गणित न येणाऱ्यांनी," असं तिला सांगण्यात आलं.

घर ताशी तीसने चाललं होतं. ओलांडायला जागा नव्हती, म्हणून लॉर्नने शिकवायला घेतलं. "तीस ही नुसती चाल. तीस, पूर्वेकडे, हा वेग. हा फरक लोकांना मरेपर्यंत कळत नाही."

"घराला कळलेला दिसतोय," इडा म्हणाली. "पेट्रोल पंप येतोय. थांब आणि जाऊन ये. दोन मग कॉफी प्यायलायस."

"थांबलं की सरासरी पडते. मी मूत्राशयाचा गुलाम नाही."

बरोबर निम्म्या रस्त्यावर घर डावीकडे वळलं. लॉर्नने गाडी दामटली. "आता नव्वद. तीस आणि नव्वद, सरासरी साठ. झालं की नाही वेळेवर?"

"लॉर्न, एक वाजला."

"मग?"

"साठ किलोमीटर एका तासात जायचे होते ना? तास त्या घराच्या मागेच संपला. आता नव्वदने जा नाहीतर नऊशेने."

"तू विज्ञानात नापास झाली होतीस."

"हो. घड्याळ मात्र वाचता येतं."

अडतीस वर्षांत या माणसाने नापास केलेल्या मुलांची मला मागच्या सीटवर बसल्या बसल्या फार आठवण आली. तो मात्र पुढची वीस मिनिटं नव्वदनेच गेला. चुकीच्या उत्तरावर इतकी निष्ठा मी फक्त शिक्षकांतच पाहिली आहे.

धक्क्यावर पोचलो तेव्हा बोट खाडीत काडेपेटीएवढी दिसत होती. पुढची चारला.

"त्या बोटीचा वेग," लॉर्न म्हणाला, "पूर्वेकडे..."

"आपल्यापासून लांब," इडा म्हणाली. "वेंडेलला फोन करू?"

टाय सारखा करून लॉर्न ताठ मानेने तिकिटाच्या खिडकीशी गेला. आतल्या बाईने भांडणाच्या तयारीने चष्मा चढवला.

"जरा," लॉर्न म्हणाला, "बाथरूमची किल्ली देता का?"