राखलेला कोपरा

“अवो, जाळं टाकून राहिले का त्याची पूजा करून राहिले?” नावेच्या दुसऱ्या टोकावरून प्रयागबाईंनी पतीला विचारले.

रुपरावांनी हातातले जाळे पुन्हा चाचपले. मौद्याकडील जलाशयाच्या या उथळ कोपऱ्यात बारीक चंदेरी मासळी धरू नये, अशी शपथ मच्छीमार संस्थेला त्यांनीच घातली होती. मरळीसारखी मोठी मासळी तिच्याच चिमुकल्या पिल्लांवर पोसते; तेव्हा हे बीज अक्षत राहावे, ही त्यांची श्रद्धा. लोक त्यांना ‘कोपऱ्याचे महाराज’ म्हणत. काही आदराने, काही थट्टेने. परंतु अलीकडे पाणी प्रौढ चंदेरी मासळीने गजबजले असूनही पिल्ले दिसेनाशी झाली, आणि मरळही रोडावली.

नागपूरहून मत्स्यविद्येची अध्यापिका रितिका आली होती. तिने त्यातले काही मासे चिरून दाखवले. माद्यांच्या पोटात अंडी जेमतेम होती. जठरात मात्र खाल्लेली अंडी सापडली.

“आपल्याच जातीची?” रुपरावांनी विचारले होते.

“हो काका. गर्दी झाली, अन्न पुरेना. या चंदेरीतले निम्मे मोठे मासे काढून पाहा. सगळे मात्र नको, नाहीतर अंडी घालणार कोण?”

“म्हंजे मी राखण करून त्यायले उपाशी मारलं?”

“तुम्ही राखलं नसतं, तर निम्मे ठेवायलाही काही उरलं नसतं.”

ते शब्द आठवत रुपराव आता उभे होते. डाव चुकला तर शपथही जाईल आणि गावाची मासळीही.

“तुमीच बांधलं, तुमीच सोडा,” प्रयागबाई हळूच म्हणाल्या. “दुसऱ्यानं सोडलं तर तुमाले झोप नाई लागणार.”

रुपरावांनी जलाला नमस्कार केला आणि जाळे फेकले.

पुढल्या श्रावणात संस्थेचा सुशील काठावरून ओरडला, “महाराज, सांगा गा, काही हाय का?”

रुपरावांनी खाली पाहिले. नावेभोवती सुईच्या अग्रासारखी असंख्य पिल्ले लखलखत होती. एक थवा वळला की दुसरा उजळे.

“हाय! पण जाळं आणू नको बाप्पा, अजून लहान हायेत.”

“मंग घरी तरी चाला,” सुशीलशेजारून प्रयागबाई म्हणाल्या. “भाकरी थंडी होऊन राहिली.”

रुपरावांनी वल्हे अलगद पाण्याबाहेर घेतले, मांडीवर आडवे ठेवले, आणि वारा नेईल तशी नाव काठाकडे जाऊ दिली.