कंबरेच्या गोळ्या

फरशीवाल्याची कंबर आणि त्याची सासू, दोघी कधी गप्प बसत नाहीत, असं तो गमतीने म्हणायचा. सासूबाई त्याच्याच घरी राहायच्या आणि त्यांचं तोंड म्हणजे तोफखाना. एक गोष्ट मात्र त्याने त्यांच्यापासून जिवापाड लपवली होती. त्याला एचआयव्ही होता. बायकोला ठाऊक होतं, तिला लागण नव्हती. पण सासूबाईंना कळलं तर त्या लेकीला घेऊन चालत्या होतील, अशी त्याला धास्ती होती. रात्री नऊची गोळी तो आतल्या खोलीत गुपचूप घ्यायचा. नऊ वाजले की सासूबाई हमखास कुरकुरायच्या, "आतली खिडकी लावली का, बघून या." ती कटकट त्याच्या पथ्यावरच पडायची.

यंदा रक्ततपासणीत किडनीचा आकडा चढला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "घरात जी जी औषधं घेता, ती सगळी घेऊन या." त्याने एकच बाटली नेली.

"एवढंच?"

"एवढंच, बाई."

कंबरेच्या गोळ्या तो औषधात धरतच नव्हता. त्या सासूबाईंच्या गुडघ्यांच्या. तो कामावरून वाकडा होऊन आला की सासूबाईच मायेने त्याच्या हातावर ठेवायच्या.

तेवढ्यात दार ढकलून सासूबाईच आत आल्या.

"आजी, जरा बाहेर बसा."

"बसते, आधी हे बघा." त्यांनी डबा टेबलावर पालथा केला. "लेक म्हणाली, किडनीचं काहीतरी निघालंय. या दुखण्याच्या गोळ्या मी देते यांना, रोज. एचआयव्हीच्या गोळीबरोबर चालतात का, तेवढं सांगा."

फरशीवाल्याच्या पायाखालची जमीन सरकली.

"नाही चालत, आजी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्या गोळीचा किडनीवर आधीच थोडा भार, त्यात या म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. या आजपासून बंद. नऊची मात्र अजिबात सोडायची नाही. पुन्हा तपासू, आकडा उतरला नाही तर ती बदलून देऊ."

"म्हणजे मीच..." सासूबाईंचा चेहरा पडला.

"तुम्ही आणल्या म्हणून वेळेत कळलं."

बाहेर आल्यावर त्याने कसंबसं विचारलं, "आई, तुम्हाला कधीपासून माहीत?"

"तुमच्या घरी राहायला आले तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

अशी बाई दिवा घेऊन शोधली तरी सापडायची नाही, असं त्याला वाटलं आणि त्याचे डोळे भरून आले. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. रिकामा डबा पिशवीत टाकत त्या म्हणाल्या, "आणि ती आतली खिडकी मी संध्याकाळीच लावून ठेवते."