अंगठाबाबा आणि हाडातली नस

सकाळी नऊपासून गल्लीत तोंड वाकडे झालेल्यांची रांग होती. कोणाचा डोळा मिटत नव्हता, कोणाच्या ओठाच्या कोपऱ्यातून चहा गळत होता. अंगठाबाबा प्रत्येकाच्या कानामागे अंगठा रोवून सांगत, "नस सुटली. एकवीस दिवसांत तोंड सरळ." बहुतेकांचे तसे होतही असे. चमत्काराला नमस्कार करायला एवढे पुरते.

रांगेत माझ्या शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या काकू दिसल्या. मी शरीररचना शिकवतो. दुसऱ्याच्या नसांत नाक खुपसणे हा माझा पेशाच.

"काकू, तोंड वाकडं होऊन किती दिवस झाले?"

"अठ्ठेचाळीस. बाबा म्हणतात, माझी श्रद्धा तोकडी पडते."

"आणि कानात कापूस कशाला?"

"कान वर्षभर वाहतोय. ते वेगळं."

ते वेगळे नव्हते. मी समोरच्या दवाखान्यातून कानाच्या डॉक्टरीणबाईंना बोलावले. काकूंचा कान तपासून त्या परत गेल्या आणि दवाखान्यातली नमुन्याची कवटी घेऊन थेट बाबांपुढे उभ्या राहिल्या.

"चेहऱ्याची नस कानाजवळच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून येते," कवटीत तार घालत त्या म्हणाल्या, "आणि कानाखालच्या या छिद्रातून बाहेर पडते. तुमचा अंगठा पडतो इथे, जाड हाडावर. आत पोहोचायला मला ड्रिल लागतं. तुम्हाला?"

"आमचा अंगठा सूक्ष्म आहे, बाई."

"असेल. पण बोगद्यातल्या नसेची सूज बहुतेकांची आपोआप उतरते, तुम्ही दाबा नाहीतर पंखा घाला. ज्यांचं तोंड सरळ झालं नाही, ते कुठे आहेत?"

बाबांचा शिष्य मध्ये पडला. "त्यांची श्रद्धा कमी. त्यांना आम्ही मोजत नाही."

"म्हणजे मोजले फक्त बरे झालेले. मग गुण शंभर टक्केच येणार."

रांगेत कोणीतरी हसले. बाबा अंगठा पुसू लागले.

काकूंना हसू आले नाही. "मग माझी सूज का उतरली नाही, डॉक्टर?"

"कारण ती नुसती सूज नाही, काकू. कानात हाड कुरतडणारी गाठ वाढलीय, ती बोगद्याची भिंत खाऊन नसेवर बसलीय. अजून थांबलात तर मेंदूकडे जाईल."

त्याच आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. नस चेपली होती, तुटली नव्हती. सहा महिन्यांनी काकूंचा डोळा मिटू लागला. हसू मात्र थोडे वाकडेच राहिले. ते अठ्ठेचाळीस दिवस कोणी परत दिले नाहीत.

तोंड वाकडे झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आपोआप बरे होणाऱ्या आजाराचे श्रेय कोणीही घेईल. जो बरा झाला नाही त्याचा हिशेब कोण देतो, एवढे विचारा आणि मगच मान पुढे करा.