उद्यापनानंतर

‘काही नाही गं, उष्णता आहे. सब्जा भिजत घाल, जा.’

न्हाणीच्या पत्र्याच्या दाराआडून आलेला आईचा आवाज. विद्यानगरच्या भाड्याच्या घरात, त्रिवेणी कॉलेजात जात होती तेव्हा ऐकलेला. तो आज पुन्हा कानाशी आला तेव्हा त्रिवेणी बाथरूमच्या फरशीवर उकिडवी बसून परकर चोळत होती. पाणी थंडच घ्यावं लागतं. गरम पाण्यात डाग हटून बसतो, हे बाईच्या जातीला सांगावं लागत नाही. बादलीतल्या पाण्याला फिकट रंग चढला, डाळिंबाचे दाणे धुतल्यावर चढतो तसा. तिनं नळ मोठा सोडला.

आईनं तेव्हा सब्जा प्यायला, वाळ्याचं पाणी प्यायलं, ओल्या फडक्यावर पोट ठेवून निजली. तो उन्हाळा सरला. पुढचा तिला दिसला नाही. ‘मोठं दुखणं होतं,’ एवढंच बायका म्हणाल्या, आणि तेही आवाज खाली घेऊन, जणू दुखण्याला ऐकू गेलं असतं.

त्रिवेणीनं परकर पिळला. वाळत घालताना तो चादरीच्या आत घातला, दोरीवर नुसती चादरच दिसावी असा.

“मम्मी, या ना लवकर! माझा ब्रेक संपेल,” बाहेरून अमृतानं हाक मारली.

सुनेनं जेवणाच्या टेबलाचा दवाखाना केला होता. लॅपटॉप बाजूला सारून ती डॉक्टरासारखी ताठ बसली होती, गळ्यात इअरफोनची वायर अडकवून. संध्याकाळी चिक्कडपल्लीच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं ठरलं होतं आणि त्रिवेणी ऐन वेळी गप्प बसेल, अशी अमृताला खात्री होती. शाळेत मुलांना तासन् तास भूगोल शिकवलेली बाई स्वतःच्या अंगाविषयी दोन वाक्यं बोलताना अडखळते, हे तिनं पाहिलं होतं.

“हां, बोलो अम्मा. क्या तकलीफ है?”

“अगं, काय हे...”

“मी अगं नाही. मी डॉक्टर आहे. फी घेतलीये तुमची.”

त्रिवेणी हसली, पदरानं गळा पुसत. “गरम होतं. एकदम. छातीतून वाफ निघते आणि कानापर्यंत जाते.”

“घरात बायको नाही, बॉयलर ठेवलाय,” पेपरामागून दिगंबर म्हणाला. कोर्टातून निवृत्त झाल्यापासून तो दिवसभर त्या पेपरामागेच असे. “पंखा पाचावर, खिडक्या उघड्या. मला मेल्याला स्वेटर घालायची पाळी.”

“पप्पा, पेशंटच्या नातेवाइकांनी बाहेर थांबायचं. पुढे, मम्मी?”

“झोप नाही. गुडघे धरतात. आणि राग. कारण नसताना येतो.”

“कारण असतं,” पेपर म्हणाला.

“ओके. मेन क्वेश्चन आता.” अमृतानं भुवया चढवल्या. “पीरियड्स बंद केव्हा झाले? त्यानंतर कधी काही दिसलं?”

बाल्कनीच्या दारात त्रिवेणीच्या सासूबाई, कुसुमताई, अंबाडी निवडत बसल्या होत्या. भाजीवाला तिला गोंगुरा म्हणे, त्या अंबाडीच म्हणत. पानं खुडता खुडता स्वतःशी गुणगुणत होत्या:

सुपाखाली झाकला, चुलीतला निखारा
वर दिसे राख बाई, आत जळे पसारा

गुणगुणणं थांबलं.

“उद्यापन झालंय तिचं,” कुसुमताई म्हणाल्या. “त्यावर प्रश्न कसला विचारायचा?”

“आजी, डॉक्टरला उद्यापन नाही समजत.”

“मग समजणारी डॉक्टर बघा.”

त्यांनी त्रिवेणीकडे पाहिलं. त्रिवेणीनं नजर टेबलावरच्या मीठदाणीकडे वळवली.

“नाही दिसलं काही,” ती म्हणाली.

*

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. पाळी थांबून वर्ष उलटलं तेव्हा कुसुमताईंनी तिच्याकडून ऋषिपंचमीचं उद्यापन करवलं. विटाळात कळत-नकळत झालेली शिवाशिव पुसली जावी म्हणून बायका हे व्रत धरतात आणि पाळी गेली की वाजतगाजत सोडतात. अंबाजी गुरुजी आले. सात ऋषींच्या सात सुपाऱ्या आणि शेजारी अरुंधतीची एक मांडली गेली. बैलाच्या कष्टाचं काहीच न घालता केलेली कंदमुळांची भाजी नारायणगुड्यातली मराठी घरं चाटूनपुसून जेवून गेली. बायकांनी ओटी भरली. कुणी तरी म्हणालं, “सुटलीस बाई!”

त्याच दुपारी कुसुमताईंनी देवघरातल्या समईची वात तिच्याकडून लाववली. त्यांचे हात आताशा थरथरत. गंध लावताना बाळकृष्णाच्या डोळ्यात जाई.

“आजपासून देव तुझे,” त्या म्हणाल्या होत्या. “आता तुला अडवणारा दिवस उरला नाही.”

आणि होळीच्या थोडं आधी, देवांना अंघोळ घालताना, ताम्हनावर ओणवी असतानाच त्रिवेणीला मांडीवर ओल कळली.

पहिल्या दिवशी तिला वाटलं, चुकलं असेल काही. दुसऱ्या खेपेला तिनं गुडघ्याचं निमित्त केलं. पण गुडघा किती वेळा दुखवायचा? आणि सांगायचं काय? जिचं उद्यापन गावजेवण घालून झालं, तिला पुन्हा विटाळ? म्हणजे उद्यापन खोटं, जेवणावळ खोटी, आणि इतक्या दिवसांची पूजा ही देवावर ओतलेली घाण. कुसुमताईंनी आयुष्यात काही मागितलं नव्हतं; सोवळं तेवढं सांभाळलं होतं. ते या वयात त्यांच्या हातातून काढून घ्यायचं?

म्हणून ती निरांजन ओवाळत राहिली. घंटा वाजवताना मनात क्षमा मागत राहिली. नशीब असं की मधूनच एखाद्या सकाळी कुसुमताईच हट्टाला पेटत: “आज मी करते. आज माझ्या हातचं हवंय त्यांना.” मग थरथरत्या हातानं तासभर पूजा चाले, फुलं खाली पडत, आणि त्रिवेणी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून सुटकेचा श्वास सोडी.

क्षमा मागता येत होती. पण ओल थांबत नव्हती, आणि या महिन्यात तिच्यासोबत ओटीपोटात एक जडपणाही येऊन बसला होता, न बोलावता आलेल्या आणि न उठणाऱ्या पाहुण्यासारखा.

*

निघायच्या वेळी अमृताचा फोन वाजला. तिकडून ऑफिसातला कुणी गौतम बोलत होता. काही तरी बंद पडलं होतं, जगाच्या दुसऱ्या टोकाला.

“मम्मी, सॉरी, सीरियसली सॉरी. उद्या जाऊ?”

“उद्या देवीचं बोनालू आहे, जत्रा. रस्ते बंद असतील,” त्रिवेणी म्हणाली. तिच्या आवाजात उतावळेपणा नव्हता. “राहू दे. पुढच्या आठवड्यात बघू.”

“मी येते,” कुसुमताई म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून पाहिलं. उन्हाळ्यापासून त्या जिना उतरल्या नव्हत्या. पण आता पायांत चपला होत्या, खांद्यावर शाल होती आणि काठी हातात होती.

“माई, तुम्ही कशाला? जिना आहे तिथं.”

“जिना काय मला खातो?”

“मी नेतो तिला,” दिगंबर पेपर खाली ठेवत म्हणाला.

“तू बस. बायकांच्या दवाखान्यात जोक करशील.”

दोघी रिक्षात बसल्या. गल्लीगल्लीत कडुलिंबाची तोरणं बांधली होती. त्यांखालून जाताना पाला रिक्षाच्या टपावर खरखरे. कुठल्याशा चौकात उद्यासाठी डप्पू वाजवून बघत होते. ठेका पकडत आणि सोडून देत. रस्त्याच्या कडेला एक बाई नव्या घागरीला हळद लावत बसली होती. तिनं मान वर करून रिक्षात पाहिलं आणि पाहतच राहिली, निदान त्रिवेणीला तसं वाटलं. पुन्हा ती वाफ छातीतून निघाली. तिनं डोळे मिटले.

गुडघ्यावर काही तरी हलकंसं टेकलं. कुसुमताईंचा हात. रिक्षा खड्ड्यात गेली म्हणून आधाराला घेतला असावा. खड्डा गेला तरी तो तिथंच होता.

दवाखाना औषधाच्या दुकानाच्या माडीवर. बाहेरच्या बाकावर पोटुशा मुली आणि त्यांच्या आया. डॉक्टरीणबाई साठीच्या, केसांत मोगरा, बोलणं तेलुगू वळणाच्या हिंदीतलं.

“बोलो अम्मा.”

त्रिवेणी बोलली. सकाळी टेबलावर म्हटलेलं सगळं, त्याच क्रमानं. वाफा, झोप, गुडघे, राग. डॉक्टर ऐकत होत्या, मधे हं करत होत्या. एकदा हसल्याही. “गुस्सा तो मेरेको भी आता.”

मग त्यांनी पेन उघडलं. “महीना बंद होके कितना हुआ?”

“दो साल होते आए.”

“उसके बाद कभी खून दिखा? थोडा भी? एक दाग भी?”

खाली रस्त्यावरून डप्पूंचा आवाज जवळ आला. खिडकीची काच बारीक थरथरली.

“नहीं,” त्रिवेणी म्हणाली.

“पक्का ना? खून जाता तो ये गोली नहीं देते. पहले अंदर की जाँच करते, जल्दी से जल्दी. इसलिए पूछ रही हूँ.”

“नहीं, नहीं.”

डॉक्टर लिहू लागल्या. अक्षरं कागदावर भराभर उमटत गेली. त्रिवेणी ती उलटी वाचायचा प्रयत्न करत होती. सोपं होतं सगळं. कागद घ्यायचा, खाली गोळ्या घ्यायच्या, घरी जाऊन दिवा लावायचा.

तिनं कागद घेतला, पदर सावरला आणि उठली.

कुसुमताई उठल्या नाहीत.

“माई, चला.”

त्या काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून बसल्या होत्या. एकावर एक, घट्ट धरलेले.

“चला ना. बाहेर बायका खोळंबल्यात.”

“खोळंबू देत.”

“माई—”

“बस खाली, त्रिवेणी.”

ती बसली. डॉक्टर दोघींकडे आळीपाळीनं पाहू लागल्या. डप्पू आता खिडकीच्या अगदी खाली वाजत होते, मग कोपऱ्यावर वळले. कुसुमताईंनी सुनेकडे पाहिलं नाही. समोरच्या भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडे पाहत त्या म्हणाल्या,

“सांग त्यांना. देवाचं मी बघते.”

त्रिवेणीच्या हातातल्या कागदाची घडी पडली, आणखी एक पडली.

“मला अंगावरून जातंय,” ती म्हणाली. मराठीतच म्हणाली, सासूकडे तोंड करून.

“क्या बोले अम्मा?”

“खून जाता मेरेकू,” त्रिवेणी वळून म्हणाली. “अभी भी जा रहा.”

डॉक्टरांनी हात पुढे करून तो घडी पडलेला कागद तिच्याकडून परत घेतला आणि बाजूला ठेवला. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं, पण आवाज मऊच होता.

“कब से?”

त्रिवेणीनं तोंड उघडलं.

“होली के पहले से,” कुसुमताई म्हणाल्या.