शिशीवर डब्बा

माह्या सुनेच्या दुकानाले शटर नाही, गल्ला नाही, पाटी नाही. मोबाइलात उघडते आन् मोबाइलातच बंद होते. माल मात्र सारा माह्या बैठकीत. मानेवाड्यातल्या आमच्या घराची समोरची खोली, जिथं मी पाहुण्यासाठी सोफा मांडला होता, तिथं आता लोखंडी रॅक आहे, खोक्यायची चळत आहे, आन् सकाळपासून चिकटपट्टीची टर्र टर्र चालू राह्यते. सोफा गच्चीवर गेला. मी भांड भांड भांडली, तरी गेला.

विकते काय? विजयाचं तेल. विजया म्हणजे भांगीचा पाला, आयुर्वेदातलं नाव आहे त्याचं. पोट्टे सीबीडी म्हणते. ज्याले दुखण्यापायी झोप लागत नाही, त्यानं थेंब थेंब घ्याचं. लायसनवाल्या कंपनीतूनच आणा लागते, वैद्याच्या चिठ्ठीबिगर विकता येत नाही. हे आता मले पाठ आहे. दुकान काढलं तवा मले एवढंच समजलं होतं का सून गांजा विकणार. महिनाभर मी भजनाले तोंड दाखवलं नाही.

आमचे हे, बाबाराव, माह्याहून पक्के. कन्हानच्या कोळशाच्या खाणीत नोकरी काढलेला माणूस. बोलणं कमी, हुकूम जास्त. उजवा खांदा खाणीतच कामातून गेला, आन् रिटायर झाल्यावर हृदयाची झडप बदलली. तवापासून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज. सुनेले एवढंच म्हणाले, "तुले कराचं ते कर. मले त्यातलं काही सांगू नको." पार्सलवाला दारात आला का हे पेपर तोंडासमोर धरत.

माही सून रितिका वादात पडली नाही. थे पोरगी वाद घालतच नाही, करून मोकळी होते. फार्मसी शिकलेली. तिची माय कॅन्सरनं गेली. शेवटी शेवटी डॉक्टरनंच हे तेल लिहून देल्लं होतं. हिनं इंटरनेटवर मागवलं, महाग. आलं काय, तर रंग टाकलेलं तिळाचं तेल. माय तळमळत गेली, आन् पोरगी हातात तिळाचं तेल घेऊन बसली. हे तिनं मले एकदाच सांगतलं, भाजी निवडता निवडता, वर न पाहता. मंग मी सोफ्याचं नाव काढलं नाही.

दुकान सोपं नव्हतं, बाप्पा. पैसे घेणाऱ्या कंपनीनं मालाचं नाव वाचलं आन् खातंच बंद करून टाकलं. कुरिअरवाल्यानं पार्सलं परत आणून टाकली. कोणीतरी तक्रार केली तं पोलिस आले. मी देवघरात जाऊन बसली, म्हटलं आता निघाली आपली वरात. हिनं त्यायले खुर्च्या देल्ल्या, चहा देल्ला, सारे कागद दाखवले. जाता जाता हवालदार हळूच म्हणे, "मॅडम, आमच्या मातोश्रीचे गुडघे लई दुखतात." तं ही पोट्टी त्याले म्हणते, "आधी त्यांच्या गोळ्यांचा फोटो पाठवा." हवालदाराले! मी कपाळाले हात लावला.

हा तिचा नेम आहे. तेल पाहिजे ना, तं घरात जेवढ्या गोळ्या चालू आहेत तेवढ्या ताटात मांडा आन् फोटो पाठवा. फोटो डॉक्टर वैभवीकडे जाते. ती वैद्य आहे, रितिकाची मैत्रीण. ती पेशंटशी व्हिडिओवर बोलते, चिठ्ठी लिहिते, मंग माल. कारण हे तेल काही गोळ्यायसंग जमत नाही. रक्त पातळ करायच्या गोळीसंग तं बिलकुल नाही, गोळीचा जोर वाढते आन् रक्त वाजवीपेक्षा पातळ होते. लोकं चिडत. एक जण फोनवर म्हणे, तुम्ही तेल विकता का जनगणना करता? ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. पण ही ढिम्म. किती गिऱ्हाइकं तिनं असे परत पाठवले, आन् किती जण दुसऱ्याच्या आईसाठी विचाराले पुन्हा तिच्याकडेच आले. दुकान वाढलं ते अशानं.

आता गोष्ट ऐका. या थंडीतली.

आमच्या बाजूले यमुताई राह्यते. सरकारी ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाली. भजनात पेटी वाजवते. यजमान वसंतराव जाऊन झाले काही वर्षं. तिच्या पाठीले मणक्याचं दुखणं. तिनं रीतसर ताट मांडलं, फोटो पाठवला, चिठ्ठी भेटली, बाटली भेटली. रितिका हरेक गिऱ्हाइकाले मधात फोन करते, कसं आहे म्हणून. यमुताईच्या तं घरीच गेली. मी बी सोबत होती, कढीपत्ता आणाले.

"अगं, फारच गुण आला," यमुताई म्हणे. "संपली बाटली. दुसरी दे."

रितिकाचा चेहरा उतरला. "यमुकाकू, ती तर तुम्हाले संक्रांतीपर्यंत पुराले पाहिजे होती. किती थेंब घेऊन राहिल्या?"

"मी सांगितले तेवढेच घेते गं. बाकी वाटलं."

"वाटलं?"

"मग? एकटीनं कशी घेऊ? सगळ्या आपल्या दुखणाऱ्या बायका. वसंतरावांच्या होमिओपॅथीच्या डझनभर शिश्या घरात पडून होत्या, त्यांत भरलं आणि भजनाला नेलं. कुणाला वाईट नको वाटायला."

झालं. आमच्याकडं हे असंच आहे. लोणचं घातलं तं वाटीभर शेजारी, पपई पिकली तं अर्धी शेजारी, आन् औषध लागू पडलं तं थे बी शेजारी. मले तं त्यात काही चुकलं असं वाटलंच नाही. मी म्हटलं, चांगलंच केलं की. रितिकानं माह्याकडं असं पाह्यलं का मी कढीपत्ता निवडाले लागली.

घरी येऊन तिनं मोबाइल काढला आन् दुकान बंद केलं. 'सध्या ऑर्डर घेणे बंद आहे.' बस, एवढंच लिहिलं.

माह्या पोराचं, मोहितचं, डोकं फिरलं. तो हिंगण्याहून ड्यूटी करून आला होता. "अवं, थंडीतच तर तुहा सीजन! आन् तू काहून बंद करतं? तू कायद्यानं विकलं, चिठ्ठीवर विकलं. त्या काकूनं वाटलं तर तुहा काय दोष?"

"दोष नाही माहा," ती म्हणे. "पण त्या बारा शिश्यांपैकी एक जरी चुकीच्या घरात गेली असंल तर माणूस जाईल, मोहित. कोणी साधं न्हाणीत घसरलं तरी आतल्या आत रक्त वाहील. सगळ्या शिश्या परत आल्याबिगर मी नवी बाटली विकणार नाही."

मी म्हटलं, आपल्या घरी तरी घोर नाही, हे तं त्या खोक्यायले शिवत बी नाही.

मंग तिनं भजनाच्या ग्रुपवर लिहिलं, का कृपा करून शिश्या परत करा, कोण्या गोळ्यायसंग धोका आहे ते बी लिहिलं. उत्तर काय? जोडलेले हात. फुलं. एकीनं सुप्रभात टाकलं. दुसऱ्या दिवशी घरोघर फिरली तं जी ती म्हणे, "नाही वं बाई, आमच्याकडं कुठलं?" यमुताईले बी धड आठवेना. जिले देल्लं तिनं अर्धं बहिणीले देल्लं. झाकली मूठ सव्वा लाखाची. घेतांना भांग गोड, सांगतांना कडू. कोणाच्या सुनेले माहीत नाही, कोणाच्या नवऱ्याले माहीत नाही. मले एवढा राग आला का एकेकीचं नाव घेऊन भजनातच वाभाडे काढणार होती.

"आई, ओरडल्यानं शिश्या मोरीत जातील, माह्या हातात येणार नाहीत," रितिका म्हणे. मंग म्हणते, "भांडेवाली येते ना आपल्या गल्लीत, जुन्या कपड्यांवर भांडे देणारी, तिच्या समोर बायका काय काय काढतात?"

आता हे काय विचारणं झालं? भांडेवालीसमोर तं बाई लग्नातला शालू बी काढते. नवऱ्याची चांगली पँट काढते. एका स्टीलच्या डब्ब्यासाठी आम्ही काय नाही काढत?

रितिका इतवारीच्या बाजारात गेली आन् डब्बे घेऊन आली. झाकणाचे, चकचकीत, अर्धा किलो साखर मावंल असे. ओसरीत मांडून बसली. ग्रुपवर लिहिलं, 'एका शिशीवर एक डब्बा. रिकामी असो का भरलेली. नाव विचारणार नाही.'

मी म्हटलं ही येडी झाली.

आल्या हो. पहिली आली थे तोंडाले स्कार्फ गुंडाळून, जशी काही मी तिले चालीवरून वळखत नाही. मंग दुसरी. मंग दोघी मिळून. ब्लाउजातून शिशी निघे, पदराच्या गाठीतून निघे, एकीनं तं देवाच्या कुंकवाच्या कोयरीतून काढली. रितिका शिशी घे, डब्बा दे, आन् हळूच विचारे, "घरात कोणाले रक्त पातळ करायची गोळी आहे का? थेंब घेतल्यापासून काही वेगळं वाटलं का?" बंद दारामागं जे कोणी सांगतलं नाही, थे डब्बा हातात घेतल्यावर सांगू लागल्या. एकीची बहीण कन्हानवरून ऑटो करून आली, तिच्या फिटच्या गोळ्या चालू होत्या. रितिकानं तिथंच डॉक्टर वैभवीले फोन लावून देल्ला. एक वस्ताद बाई तं खोबरेल तेल भरून घेऊन आली. रितिकानं हुंगलं, हसली, आन् डब्बा देऊन टाकला.

"अवं, ते खोबरेल होतं," मी म्हटलं.

"माहीत आहे. पण उद्या तिले खरंच काही दुखलं तर लपवणार नाही ती माह्यापासून."

मले त्या दिवशी असं वाटलं का ही पोट्टी माह्या पोटी जन्माले याले पाहिजे होती. तोंडावर म्हटलं नाही. म्हटलं असतं तं डोक्यावर बसली असती.

सगळ्या आल्या, एक राहिली. एकीसाठी रितिका तीन दिवस ओसरीत बसली. फोनवर ऑर्डरी मागणारे चिडून दुसरीकडं गेले, तिनं ढुंकून पाह्यलं नाही. जेवतांना बी दाराकडं पाहे. शेवटी यमुताई आली. रिकाम्या हातानं. डब्ब्याकडं बी पाह्यलं नाही तिनं.

"रितिका, एक शिशी मी भजनात नाही दिली," ती म्हणे. "ती मागून नेली होती. आणि मला शपथ घातली होती, कुणाला सांगायचं नाही म्हणून."

"काकू, नाव नका सांगू. फक्त एवढं सांगा, रक्त पातळ करायची गोळी आहे का त्यांना?"

यमुताईनं माह्याकडं पाह्यलं. नुसतं पाह्यलं. आन् मले आठवलं. चार दिवसांआधी हे आंघोळ करून निघाले तवा मी यांच्या दंडावर हा एवढा निळा डाग पाह्यला होता. विचारलं तं म्हणे, फाटक लागलं. मी म्हटलं असंल.

हे आतून आले. कोणी बोलावलं नव्हतं, आपणच आले. शर्टाच्या खिशातून शिशी काढली आन् उरलेल्या डब्ब्याजवळ ठेवली. "खांद्यासाठी घेतली," एवढंच म्हणाले. "झोप लागे."

माह्या तोंडात काय काय आलं, मी सांगत नाही. पण रितिका उठली होती. ना रागावली, ना काही विचारलं. "बाबा, चपला घाला. मोहित, गाडी काढ."

यांच्या हृदयाच्या डॉक्टरनं रक्त तपासाले लावलं. रिपोर्ट आला तवा थे खुर्चीतून पुढं झुकले. "बाबाराव, रक्त फारच पातळ झालंय तुमचं. आजच्या आज भरती व्हायचं. घरात घसरून पडला असता ना, तर इथपर्यंत पोचला नसता. काय घेत होतात गोळीबरोबर?"

रितिकानं शिशी टेबलावर ठेवली. "विजयाचं तेल."

"कुठून आलं हे?"

यमुताईचं नाव सांगता आलं असतं. यांचंच नाव सांगता आलं असतं. "माझ्या दुकानातलं आहे," ती म्हणाली.

डॉक्टर भडकले. तुम्ही ऑनलाइनवाले, म्हणे, कोणालाही काहीही विकता, विचारत नाही, तपासत नाही, निदान घरच्या माणसाला तरी सोडायचं. थे बोलत राह्यले आन् ही मान खाली घालून ऐकत राह्यली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात यायनं तपासणीच्या खाटेवरून हात वर केला.

"डॉक्टरसाहेब, तिले नका बोलू," हे म्हणाले. "तिच्याजवळ मागतलं असतं तं तिनं पहिले माह्या गोळ्या पाह्यल्या असत्या, आन् तोंडावर नाही म्हटलं असतं. सासरा असो का कलेक्टर असो, ती देत नाही. मले पक्कं माहीत होतं. म्हणून तं म्या चोरून घेतलं."

डॉक्टरनं भरतीचा कागद पुढं ओढला. पोलिस आले तवा जे पोट्टी हलली नाही, दुकान बंद केलं तवा जिच्या डोळ्यात पाणी आलं नाही, थे त्या दवाखान्यातल्या स्टुलावर बसून हमसून हमसून रडली. मी तिचं डोकं पोटाशी धरलं आन् मी बी रडली.