उपाशी ठेवलेल्या पेशी

मॅडमनी आकडा वाचला आणि फाइल धाकटीच्या पुढ्यात आपटली. "औषध चालत नाहीये. शंभरातल्या ऐंशी पेशी जिवंत. रिपोर्ट आजच वॉर्डात जाईल."

ल्युकेमियाच्या त्या पेशी धाकटीच्या सख्ख्या बहिणीच्या रक्तातल्या, याच लॅबमध्ये वाढवलेल्या. रिपोर्ट गेला की ताईचं औषध बंद होणार होतं, आणि त्यापुढे द्यायला डॉक्टरांकडे काही उरलं नव्हतं.

मॅडमचं आणि तिचं पहिल्या दिवसापासून विळ्याभोपळ्याचं सख्य. घरच्या माणसाचं सॅम्पल घरच्यांनी हाताळू नये, असं मॅडमनी बजावलं होतं. ही हट्टाला पेटली. मग मॅडमनी नाक मुरडत होकार दिला आणि रोज टोमणे मारायला मोकळ्या झाल्या. धाकटीही काही साधी नव्हे, मॅडम वळल्या की त्यांच्या चालीची नक्कल करायची.

आणि आत्ता, फाइलकडे बघता बघता, तिला शुक्रवार आठवला. संध्याकाळी पेशींना ताजं मीडियम घालायचं होतं, म्हणजे त्यांचं जेवणच ते. नेमका वॉर्डातून फोन आला, ताईला ताप भरलाय, आणि ही तशीच पळाली. तिकडे ताईला चमच्याने सूप भरवत बसली आणि इकडे ताईच्या पेशी उपाशी.

काय आनंद झाला हो तिला! उपाशी पेशी मोठी बिलंदर असते. बाहेरून काही मिळेना की स्वतःच्याच आतला मोडकातोडका माल फोडून खाते, त्यावर गुजराण करते आणि इतकी निबर होते की औषधाला दाद देत नाही. ऑटोफॅजी म्हणतात ती हीच. म्हणजे पेशी तगल्या त्या उपासामुळे! औषधात खोट नव्हतीच.

"मॅडम, शुक्रवारी मी मीडियम बदललं नाही," ती म्हणाली. "मला काढून टाका हवं तर, पण हा रिपोर्ट चुकीचा आहे."

"वहीत तुझी सही आहे."

"सही दुपारीच करून ठेवतो आम्ही. सगळेच करतात."

"ठाऊक आहे मला ते," मॅडम थंडपणे म्हणाल्या. "म्हणूनच शनिवारी सकाळी येऊन बघितलं. मीडियम पिवळं पडत होतं, म्हणजे संपत आलेलं. मी बदललं, रविवारीही बदललं. सोमवारी औषध घातलं तेव्हा पेशी खाऊनपिऊन टुणटुणीत होत्या."

"खोटं बोलताय तुम्ही."

मॅडमनी फ्लास्क काढून तिच्यासमोर धरला. त्यावर शनिवारची तारीख होती, रविवारचीही, दोन्ही मॅडमच्या किरट्या अक्षरात.

"पोट भरलेलं असूनही स्वतःला खाऊन तगतायत त्या," मॅडम म्हणाल्या. "ते खाणं बंद पाडणारं औषध आपल्याकडे अजून कोणाला देत नाहीत."

आयुष्यात पहिल्यांदाच धाकटीला स्वतःची चूक हवीहवीशी वाटली होती, आणि या बाईने ती निस्तरून ठेवली होती.

"टेस्ट परत लावा," ती कशीबशी म्हणाली.

"लावली. दोनदा लावली. तुझी बहीण आहे म्हणून."

त्या बाईचा इतका राग तिला आजवर कधीच आला नव्हता.