‘माझं’

फायदा म्हणाल तर फार मोठा नव्हता. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला मोबाइलमधले फोटो लॅपटॉपवर न्यायचे होते, एवढंच. पण त्यासाठी रोज घरभर केबल शोधावी लागायची, ती मुलीच्या दप्तरात सापडायची आणि सापडली तरी लॅपटॉप तिला ओळख द्यायचा नाही. ती दगदग वाचणार होती.

“एक ग्रुप काढा,” बायको भांडी विसळता विसळता म्हणाली. “त्यात कुणाला तरी घ्या आणि लगेच काढून टाका. मग उरलात तुम्ही एकटे. बसा स्वतःच स्वतःला पाठवत.”

“तुला घेऊ?”

“मला घ्या आणि काढून टाका? वा! माहेरी सांगायला बरं आहे.”

तेव्हा त्याने आईला घेतलं. ती दुसऱ्या गावी एकटी राहायची. घेतल्या-काढल्याचं तिला कळणारही नाही, असा त्याचा अंदाज. ग्रुपला नाव दिलं ‘माझं’. आता तिला काढणार, तेवढ्यात फोन वाजला. एका दवाखान्याची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, आत माणसं होती. तो हत्यारांची पिशवी उचलून पळाला. माणसं सुटली. आई मात्र अडकून राहिली.

पुढे सगळं सुरळीत चाललं. जळका रिले, झिजलेला तारेचा दोर, मोटरच्या पाटीवरचे आकडे, जे दिसेल ते टिपायचं, ‘माझं’मध्ये टाकायचं आणि घरी लॅपटॉपवर उघडून रिपोर्ट लिहायचा. प्रत्येक फोटोखाली दोन निळ्या खुणा उमटायच्या. एक मोबाइलची, एक लॅपटॉपची, असं त्याने आपलं ठरवून टाकलं होतं. लोकांच्या लिफ्टमधला बिघाड तो नुसत्या वासावरून सांगायचा. स्वतःच्या फोनमध्ये डोकावायला त्याला सवड नव्हती. आईला फोन करायलाही नव्हती.

शेवटी आईनेच केला. “अरे, माझा फोन भरलाय म्हणतोय. तुझे कालचे उघडतच नाहीत. येऊन बघशील?”

“माझे कसले?”

पण “ये मग” म्हणून तिने ठेवलासुद्धा.

सुट्टीच्या दिवशी तो गेला. खिडकीशी बसून त्याने तिचा फोन उघडला. सगळ्या लिफ्टाच. पार पहिल्या जळक्या रिलेपासून.

“हा बघ,” आई चष्मा सावरत शेजारी टेकली. “ह्या काळ्या पडलेल्याचं पुढे काय झालं? दुसऱ्या दिवशी तू भलतीच मोटर पाठवलीस. इकडे माझा जीव टांगणीला.”

“बदलला तो, आई.”

“मग तसा फोटो टाकायचास की! आजारी तेवढे सगळे दाखवतोस, बरा झालेला एक नाही.”

त्याला हसू आलं. “मग कधी काही लिहिलं का नाहीस?”

“कामात असतोस. मध्ये कशाला बोलायचं? तुझे बाबा कामावरून आले की तोंडातून शब्द काढायचे नाहीत. तू निदान वर लिहून पाठवतोस, ‘माझं’. म्हटलं, पोरगा बोलत नाही, पण आपलं सगळं दाखवतो.”

खरं काय ते सांगायचं तर दोन वाक्यांचं काम होतं. पहिलं वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आलं. आईच्या चेहऱ्याकडे बघून त्याने ते गिळलं.

“जुनं काही काढू, जागा होईल,” म्हणत तो मागे मागे सरकत गेला. बाबांचा एक व्हिडिओ असायला हवा होता. त्यांचा आवाज म्हणून घरात तेवढाच उरलेला. “आई, बाबांचा तो कुठे गेला?”

“तो काढला रे. तोच सगळ्यात जड होता. मागे फोन असाच भरला नि तुझे फोटो यायचे थांबले ना, तेव्हा.” मग त्यालाच समजावल्यासारखं म्हणाली, “मला पाठ आहे तो. ‘अगं, दाबलंस का? दाबलं म्हणतेस, मग लाल दिवा कुठाय? आण इकडे, मी...’ बस, तिथेच संपतो. पाठ झालेलं ठेवून काय करायचं? तुझं रोज नवीन येतं.”

ती अगदी बाबांसारखी करवादली होती.

“परत म्हण,” तो म्हणाला.

तिने परत म्हटलं. ‘मी’वर तशीच थांबली.

त्याने पिशवीतून लॅपटॉप आणि केबल काढली, तिचा फोन लॅपटॉपला जोडला आणि एकेक लिफ्ट उतरवून घेऊ लागला. दोनदा लॅपटॉपने ओळख दिली नाही. तिसऱ्यांदा दिली.

“ते काय करतोस?”

“जागा. आता काही काढू नकोस. मला विचारल्याशिवाय काहीच काढू नकोस.”

“बरं बाई,” आई म्हणाली आणि पाणी आणायला उठली.

दुसऱ्या दिवशी ‘माझं’मध्ये एक फोटो आला. नवा कोरा रिले, शेजारी हिरवा दिवा लागलेला. खाली त्याने पहिल्यांदाच दोन शब्द लिहिले होते: ‘बरा झाला.’ दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. त्या कुणाच्या, हे आता त्याला माहीत होतं.

एकूण व्यवहार असा झाला. त्याची केबल शोधायची दगदग वाचली. बाबांचा आवाज गेला. आणि तो देऊन टाकला आईने, कुणी न मागता, आपणच फायद्यात आहोत अशा समजुतीत.